नकाशातली सातवी वाट

"या शहरात अशी एक पायवाट दाखवा, जी मी चाललेलो नाही. दाखवाच!"

नकाशेकाका हे वाक्य गेली बावीस वर्षं म्हणत होते आणि बावीस वर्षांत एकानेही त्यांना तशी वाट दाखवली नव्हती. दाखवणार कोण? शहरातल्या बागांचे आणि टेकडीवरच्या पायवाटांचे नकाशे काढणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे स्वतः काका! उद्यान खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांचं उतरतं टेबल होतं. त्यावर शाईची पेनं, पट्ट्या, एक भिंग आणि टक्कल पुसायचा एक रुमाल. दरवर्षी नकाशाची नवी आवृत्ती निघायची आणि तिच्यासोबतच्या फॉर्मवर एक रकाना असायचा : 'सर्व पायवाटा प्रत्यक्ष चालून तपासल्या.' काका तिथे झोकात सही ठोकायचे.

आता खोटं कशाला बोला, काका त्या वाटांवरून चालले होते. पण बोटाने! सही करण्याआधी ते उजव्या हाताचं बोट नकाशातल्या फाटकावर ठेवायचे आणि एकेक वाट शेवटपर्यंत सावकाश चालून यायचे. चढावर बोट जरा दमायचं, उतारावर भराभर जायचं. सातव्या वाटेवर मात्र ते रेंगाळायचं. बाकीच्या सहा वाटा म्हणजे मोजणीवाल्यांनी मोजलेल्या, शहाण्यासारख्या जाणाऱ्या. सातवी निघायची स्वच्छतागृहाच्या मागून, आणि मग टेकडीवर अशी काही लडिवाळ वळणं घेत जायची की पाहत राहावं! मध्ये एक मोठा वळसा, पुढे एक छोटा वळसा, आणि अगदी शेवटी एक टपोरा ठिपका. वाट अशी ठिपक्यावर का संपावी, याचा काकांनी पूर्वी एकदा विचार केला होता आणि ठिपक्याशेजारी सुबक अक्षरांत लिहून टाकलं होतं : 'विसावा'.

प्रत्यक्ष टेकडीवर पाय ठेवायची वेळ काही आली नव्हती. ऊन सोसत नाही, गुडघा बोलतो, आणि मुख्य म्हणजे जे कागदावर आहे ते पुन्हा जमिनीवर जाऊन कशाला बघायचं?

पण यंदा खात्यात नव्या साहेबबाई आल्या. बाई तडफदार. पायात बूट असे घालायच्या की आत्ता इथून थेट डोंगरावर जाणार! त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"काका, तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय."

"हो मॅडम."

"म्हणजे हा तुमचा शेवटचा नकाशा. आजवर कधी नकाशावर तुमचं नाव छापलंय?"

बावीस वर्षं नकाशावर खात्याचं नाव होतं, छापखान्याचं होतं, एका वर्षी तर बाकड्यांना रंग देणाऱ्याचंसुद्धा होतं! काकांचं कधीच नव्हतं. या गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटायचं, पण ते त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

"या वेळी छापू या," बाई म्हणाल्या. "खाली कोपऱ्यात. 'आरेखन आणि पाहणी', आणि पुढे तुमचं नाव. फक्त मला सातही वाटांवरचा तुमचा एकेक फोटो द्या. प्रत्येक वाटेवर तुम्ही उभे आहात असा. सोमवारी सकाळी. तुम्ही काय, सगळ्या वाटा चाललेलेच आहात!"

"तर हो! शेकडो वेळा!" काका म्हणाले आणि जागेवर येऊन पाऊण तांब्या पाणी प्यायले.

घरी काकू शिवणयंत्रावर होत्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे काकूंच्या हाताखालून जायचे. त्यांची नजर अशी, की वीतभर लांबून सुताचा धागा कुठला आणि रेशमाचा कुठला ते सांगायच्या. त्यांनी पायडलवरचा पाय न काढता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही एकदाही गेला नाहीत?"

"बोटाने गेलोय."

"मग फोटोही बोटाचाच द्या की!"

"थट्टा नको. माझं नाव छापून येणार आहे. मी चालणार. सातच्या सात. गुडघा राहो वा जावो!"

काकूंनी यंत्र थांबवलं. नवऱ्याचा हा आवाज त्यांनी फार वर्षांपूर्वी ऐकला होता, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतला नवरा होता तेव्हा. त्या फोटोत काकांच्या डोक्यावर काळ्याभोर कुरळ्या केसांचा असा काही डोंगर होता, की नवखा पाहुणा हमखास विचारायचा, "हे कोण?" काकूंनी सुटलेली बट अंबाड्यात खोचली आणि कपाटातून काकांचे जुने बूट काढून दिले.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार काकांनी रजा काढली आणि दिवसाला दोन या हिशेबाने सहा वाटा पुऱ्या केल्या. कशा केल्या ते विचारू नका! पहिल्या वाटेवर बुटाचा तळ निघाला. दुसरीवर एक बदक मागे लागलं आणि काका नकाशात नसलेल्या वेगाने पळाले. चौथीवर गुडघ्याने संप पुकारला, तेव्हा काकूंनी त्याला ओढणी आवळून बांधली. पण प्रत्येक वाट जिथे असायला हवी तिथे होती! जिथे नकाशा डावीकडे वळायचा तिथे टेकडीही मुकाट्याने डावीकडे वळायची. काकांना आनंदाने भरून यायचं. आपण बसल्या जागी इतकी वर्षं खरं काढत होतो, याचा तो आनंद होता. शनिवारी दुपारी सहावा फोटो निघाला तेव्हा काका टेकडीकडे बघून म्हणाले, "बघ, माझी आहे ही!"

आणि त्याच संध्याकाळी व्याही आले.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. साठी उलटली तरी पोट आत, छाती बाहेर, आणि गळ्यात अजून शिट्टी! ते वर्षा-दोन वर्षांनी चार दिवस राहायला यायचे, सकाळी उठून फिरायला जायचे आणि परत येऊन काकांच्या पोटाकडे बघत चहा प्यायचे. काकांना ती नजर सहन होत नसे.

"काय व्याहीबुवा, लंगडताय?"

"सहा वाटा केल्या तीन दिवसांत," काका शक्य तितक्या सहजपणे म्हणाले. "उद्या सातवी."

"सातवी?" मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे ती विसाव्याची? अहो, ती तर मी गेल्याच खेपेला केली!"

"केलीत?"

"झोपेत चालेन! काय ती वळणं, काय तो विसावा! दोन वेळा बसलो मी तिथे."

काकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चला, वाट माहीत असलेला माणूस मिळाला! ते म्हणाले, "मग उद्या तुम्ही चला बरोबर. मीही हजारदा गेलोय, पण सोबत असलेली बरी."

इकडे मास्तरांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. कारण मास्तरांनी गेल्या खेपेला त्या स्वच्छतागृहाच्या मागे अर्धा तास वाट शोधली होती, सापडली नव्हती, आणि शेवटी फाटकाजवळच्या बाकड्यावर बसून पेपर वाचला होता. पण व्यायाम शिकवलेल्या माणसाने हे सांगायचं कुणाला? आणि ते सुद्धा सुनेच्या वडिलांना! म्हणजे बघा, दोघांनाही वाट माहीत नाही, आणि दुसऱ्याला ती नक्की माहीत आहे अशी दोघांचीही खात्री.

रविवारी सकाळी तिघं स्वच्छतागृहाच्या मागे उभे राहिले. समोर काटेरी झुडपांची पुरुषभर उंचीची भिंत होती. वाट नव्हती.

"चला व्याहीबुवा, पुढे व्हा," मास्तर म्हणाले.

"छे छे, पाहुणे आधी!"

"घरचा माणूस आधी!"

"अहो, पण वाट कुठाय?" काकूंनी विचारलं.

तेवढ्यात हातात झारी घेऊन बागेचा राखणदार आला. काकांनी त्याला नकाशा दाखवला. "सातवी वाट इथूनच ना?"

राखणदाराला त्या बागेत अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं राहून एक वाट ठाऊक नाही, हे खात्याच्या माणसापुढे कसं कबूल करायचं? त्याने झारीने मोघम हवेत इशारा केला. "हो, हो, हीच की! जरा झाडोरा वाढलाय एवढंच. आत गेलं की मोकळी आहे."

मग काय! काकांनी नकाशा छातीशी धरला, डोळे मिटले आणि झुडपात शिरले. मागून मास्तर, त्यांच्यामागून काकू. झुडपाने काकांच्या शर्टाची एक बाही ठेवून घेतली.

आत गेलं की मोकळी वगैरे काही नव्हती. पण काकांनी अंतर पावलांवर मोजायला सुरुवात केली. नकाशाचं प्रमाण त्यांना पाठ होतं. "चाळीस पावलं, मग किंचित उजवीकडे." उजवीकडे खडक होता. "खडक?" काका थबकले. मग त्यांनी भिंगातून नकाशा पाहिला आणि निर्धाराने म्हणाले, "नकाशात खडक नाही. म्हणजे खडकावरून!"

ते खडकावर चढत असतानाच खालून हाका आल्या. "अहो, कुठे जाताय? आम्हीपण येतो!"

रोज सकाळी बागेत फिरणाऱ्या अकरा जणांचं ते टोळकं होतं. म्होरक्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पांढरी टोपी, हातात काठी, आवाज असा की दात दुखणाऱ्याने तोंड उघडलंच पाहिजे!

"सातवी वाट!" काका वरून ओरडले.

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वा! आमची आवडती!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही नेहमीच करतो. पण आज तुमच्या मागून येतो. तुम्ही खात्याचे, तुमची चाल बघू या!"

आणि बघता बघता चौदा माणसांची रांग टेकडीच्या अंगावर चढू लागली. पुढे काका पावलं मोजताहेत, मधे मास्तर शिट्टी वाजवून "डावा, उजवा, डावा!" करताहेत, आणि मागून अकरा जण एकमेकांना सांगताहेत, "पूर्वी ही वाट किती छान होती नाही? आता मेली अगदी लक्षच देत नाहीत!"

मोठा वळसा आला. नकाशाप्रमाणे वाट एका मोठ्या दगडाला पूर्ण फेरी घालून पुन्हा जिथून आली तिथेच यायची. सगळे दगडाला फेरी घालून पुन्हा तिथेच आले.

"याचा उपयोग काय?" एका आजोबांनी विचारलं.

"व्यायाम," मास्तर म्हणाले.

आजोबांना ते पटलं. त्यांनी आणखी एक फेरी मारली.

मग आला छोटा वळसा. काकांनी पुन्हा पुन्हा मोजलं. हा वळसा जमिनीवर जेमतेम चार पावलांचा होता. काकांना घाम फुटला. बोटाने चालताना तो किती सुंदर वाटायचा! मागे तेरा माणसं थांबलेली, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. माघार घेतली असती तर त्याच क्षणी घेता आली असती. पण कोपऱ्यात छापलेलं ते नाव त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"इथे," काका खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रत्येकाने एकदा स्वतःभोवती फिरायचं!"

आणि चौदा शहाणीसुरती माणसं टेकडीच्या मधोमध एकामागून एक स्वतःभोवती फिरली. डॉक्टरीणबाईंना चक्कर आली. त्या मास्तरांचा दंड धरून म्हणाल्या, "मला दरवेळी इथेच चक्कर येते!"

काकू काकांच्या जवळ सरकल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "माणसांनी काढलेली वाट अशी नसते हो. माणूस काय येडा आहे, स्वतःभोवती फिरून पुढे जायला?"

"नकाशात आहे," काका म्हणाले. पण आवाज जरा बारीक झाला होता.

शेवटचा चढ त्यांनी हातापायांवर केला. एकवीस पावलं, वीस, एकोणीस... आणि शून्यावर काका एका सपाट खडकावर येऊन पोचले. ठिपका! विसावा! खडक खरोखरच चौदा माणसं बसतील एवढा होता. समोर सगळं शहर पसरलं होतं. काकांनी ते असं कधीच पाहिलं नव्हतं. तळं, तळ्याकाठचा रस्ता, खात्याची इमारत, आणि दूर एका गच्चीवर वाळत घातलेली त्यांची स्वतःची निळी चादर! बावीस वर्षं जे शहर ते शाईने काढत होते ते खालून हळूहळू हलत होतं, त्यातून गाड्या जात होत्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मनापासून वाटलं, आपण आधीच यायला हवं होतं.

मास्तरांनी फोटो काढला. फोटोत काकांना एकच बाही होती, पण हसू पूर्ण होतं.

उतरताना नकाशा बघावा लागला नाही. अठ्ठावीस पायांनी झाडोरा असा तुडवला होता, की वाट आपोआप दिसत होती. राखणदार खाली झारी घेऊन उभाच होता. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.

सोमवारी सकाळी काका ऑफिसला निघाले तेव्हा काकूही चपला घालून तयार!

"तू कुठे?"

"मला तो मूळ कागद बघायचाय. ज्यावरून तुम्ही काढता तो."

"तो बावीस वर्षांत कुणी काढला नाही. स्कॅनर आला त्या दिवशी मी स्वतः तो स्कॅन केला आणि कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून त्या स्कॅनवरूनच काम चालतं. यंत्र चुकत नाही!"

"यंत्र नाही चुकत," काकू म्हणाल्या. "चला."

ऑफिसच्या खोलीत काकांनी सगळ्यात खालचा लांबरुंद खण उघडला. जुना, पिवळा पडलेला कागद टेबलावर पसरला. काकांनी बोट फाटकावर ठेवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. स्वच्छतागृहाच्या मागे पिवळा कोरा कागद होता. बोट तिथेच थांबलं.

काकूंनी भिंग उचललं आणि शेजारी स्कॅनची प्रत ठेवली. पदर खोचून त्या कितीतरी वेळ सातव्या वाटेवर वाकून राहिल्या.

"धागा नाही," त्या म्हणाल्या. "धाग्याला पीळ असतो. हा केस आहे."

"काय?"

"केस हो! काचेवर पडलेला. कुरळा आहे, म्हणून ते वळसे. आणि हा टपोरा ठिपका आहे ना तुमचा, विसावा? ते केसाचं मूळ आहे."

काका खुर्चीत बसले. खुर्ची नसती तरी बसले असते.

"पण कुणाचा? त्या दिवशी या खोलीत मी एकटाच..." काकांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिथे आता काही नव्हतं.

काकूंना हसू आवरेना. "लग्नात असेच होते! मला दुरूनसुद्धा ओळखू आले असते."

चौदा माणसांना काकांनी स्वतःच्या केसावरून चालवलं होतं! आणि केसाच्या मुळाशी बसवून शहर दाखवलं होतं! काकांचा चेहरा पडला. नाव गेलं, आता कसलं नाव! पण गंमत बघा, ज्या निर्धाराने ते झुडपात शिरले होते त्याच निर्धाराने ते उठले. त्यांनी दोन्ही कागद उचलले आणि थेट साहेबबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. बोटाचंही सांगितलं, केसाचंही.

साहेबबाईंनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"काका, ही सकाळपासून आलेली नऊ पत्रं. सगळी सातव्या वाटेबद्दल. 'झाडोरा कापा', 'पाट्या लावा', 'वळशापाशी चक्कर येते, कठडा बसवा'. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर लिहिलंय की पूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या काळात वाट उत्तम होती!"

"पण मॅडम, ती वाट नव्हतीच."

"काल होती ना? चौदा माणसं चालली ना?" बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणि हे बघा, नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, आपल्या टेकडीवरची कुठली वाट आवडते. मी सातवी सांगितली होती."

मग ठरलं. सातवी वाट राहणार. खातं झाडोरा कापणार. मूळ कागद नव्याने स्कॅन करायचा, त्यावर सातवी काकांनी स्वतःच्या हाताने काढायची, आणि दुपारच्या आत फाईल छापखान्यात! आणि कोपऱ्यात नाव? "खरं सांगायला आलात," बाई म्हणाल्या, "म्हणून आता तर छापायचंच."

काका जिन्यावरून उडत खाली आले. जुना कागद कडेने वळत होता, म्हणून काकूंनी स्कॅनरवर वाकून दोन्ही हातांनी तो दाबून धरला. सकाळच्या घाईत घातलेला अंबाडा सैल झाला होता, तो त्या अधूनमधून खांद्याने मागे ढकलत होत्या. काकांनी या वेळी काच रुमालाने तीनतीनदा पुसली होती. मग सातवी काढली, वळशासकट, आणि उरलेला सगळा वेळ कोपऱ्यातल्या नावाची अक्षरं लावण्यात घालवला.

दुपारी छापखानेवाल्याचा फोन आला. "काका, एका वाटेला नंबर घालायचा राहिलाय. घालू का?"

"घाला, घाला!" काका म्हणाले. "पण माझं नाव ठळक येतंय ना?"

आठ दिवसांनी नकाशा छापून आला. काकांनी एक प्रत मास्तरांना गावी पाठवली, एक स्वतः घरी आणली आणि शिवणयंत्रावरचं कापड बाजूला सारून तिथे पसरली. कोपऱ्यात नाव होतं. काळं, ठळक, खरंखुरं! काकूंनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान दिसतंय हो." काकांना आणखी काही नको होतं. ते कितीतरी वेळ नावाकडेच बघत राहिले.

काकू मात्र वर बघत होत्या.

"अहो, वाटा किती आहेत?"

"सात."

"मोजा."

काकांनी बोट फाटकावर ठेवलं. सातनंतर बोट पुढे सरकलं. पूर्वेच्या कुंपणापासून एक नवी वाट निघाली होती. लांबलचक, सुरेख, कुठेही न वळणारी. ती विसाव्याला चाटून पुढे जायची, तळ्यात शिरायची, तळ्याच्या मधोमध जाऊन पलीकडे निघायची आणि शहर ओलांडून कागदाच्या कडेबाहेर! तिच्या डोक्यावर ठसठशीत आकडा होता : आठ.

काकूंनी हळूच आपल्या अंबाड्याला हात लावला.

"मी नाही हो चालणार," त्या म्हणाल्या. "तळ्यातून जाते ती."

काका काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. मास्तर!

"व्याहीबुवा, अभिनंदन! नकाशा मिळाला. नाव झकास! आणि ती आठवी वाट दिलीत ते फार बरं केलंत. अहो, ती तर मी गेल्याच खेपेला केली!"

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला, कोपऱ्यातल्या आपल्या नावाकडे एकदा पाहिलं आणि पायाने चाचपत बूट जवळ ओढले.

"मास्तर," ते म्हणाले, "मग या रविवारी याच तुम्ही. आणि येताना पोहायचे कपडे आणा!"